लाल मोटार आणि काळी पट्टी

एका गावात एक अतिशय संशयी गृहस्थ राहत असे. तापवलेले दूधही तो हुंगून पाही आणि जावयाने आणलेला पेढा आधी मोडून बघे.

त्या गावाची एक रीत होती. दसऱ्याला देवीचा मुखवटा ज्या वाहनातून सीमोल्लंघनाला जाई, त्यावरून गुरव प्रथम आपला हात फिरवी. हाताला काही लागले, तर ते वाहन दारातच राही आणि मान दुसऱ्याकडे जाई. यंदा हा मान गृहस्थाच्या लाल मोटारीला मिळाला होता. त्याच्या घराण्यात तो आजवर कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

मोटार उजळावी म्हणून तो बाजारात गेला. पहिला दुकानदार म्हणाला, "हे मेण रंगासाठी उत्तम. कडेच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीला मात्र लावू नका, पांढरे डाग पडतील. तिच्यासाठी हे दुसरे घ्या."

गृहस्थाचे डोळे बारीक झाले. आपल्याच मालातले उणे आपणच सांगणारा दुकानदार त्याने कधी पाहिला नव्हता. 'दुसरा डबा गळ्यात मारण्याची ही युक्ती,' असे मनाशी म्हणून तो पुढे गेला.

पुढचा दुकानदार हसतमुख होता. "काका, हा एकच डबा न्या. रंग, प्लास्टिक, काच, सगळ्याला चालतो. उरला तर सासूबाईंच्या चपलांना लावा."

त्याचेही बोलणे गृहस्थाला खरे वाटेना. पण डबा तरी एकच होता. तो घेऊन तो घरी आला.

"पारखल्याशिवाय मी कोणाचे ऐकत नाही," असे पत्नीला सांगून त्याने दाराच्या आतल्या कडेला बोटभर मेण लावले. पुसताच रंग आरशासारखा लखलखला.

"अहो, त्या काळ्या पट्टीवरही एक बोट लावून पाहा," पत्नी म्हणाली.

"तिथे रंगच नाही, तर बिघडणार काय?"

"माझ्या आमटीतले मीठ दोनदा चाखता. पट्टीवरच एवढा भरवसा कसा?"

"मोटारीतले तुला काय कळते?" असे म्हणून त्याने सगळ्या मोटारीला मेण चोपडले.

दसऱ्याच्या सकाळी लाल रंग झळकत होता; परंतु काळ्या पट्टीवर चुना ओघळल्यासारखे पांढरे डाग उमटले होते. त्याने साबण लावला, फडके घासले. डाग पट्टीच्या खरखरीत अंगात अधिकच मुरले.

इतक्यात वाजतगाजत गुरव आला. लाल रंगावरून हात फिरवून त्याने मान डोलावली. पट्टीपाशी मात्र हात थांबला. त्याने तळवा पुढे धरला. तो पांढरा झाला होता.

"यजमान, हे देवीच्या शालूला लागेल," तो हळूच म्हणाला आणि मागे वळला. "तेल्याची बैलगाडी जोडा."

कधी रंगच न लागलेल्या त्या गाडीतून देवी शिवेकडे निघाली. वाजंत्री दूर जाऊ लागली. गृहस्थ फडके हातात धरून दारात उभा राहिला.

"मला त्या हसऱ्याचा संशय होताच," तो पुटपुटला.

"होता ना," ओवाळणीचे तबक घेऊन उभी असलेली पत्नी म्हणाली. "ज्याचा नव्हता, त्याने घात केला."

"तो कोण?"

पत्नीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि तबक आत नेले.

तात्पर्य: जगाला कसोटीवर घासणाऱ्याने आपली समजूतही त्याच कसोटीवर घासून पाहावी.