उपाशी गोधडी

धोंडगीर महाराज हिवरदऱ्याला येऊन राहिले, त्या सालातली ही हकिकत. गावाच्या वरच्या अंगाला ओढा, ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ आणि देवळामागं एक पडकी ओवरी. महाराजांनी राहायला तीच पसंत केली. अंगावर ठिगळांची कफनी. कुणी भाकरी आणली तर खायची, नाही आणली तर ओंजळभर पाणी प्यायचं आणि स्वतःशीच हसायचं, एवढाच त्यांचा संसार. गावातली निम्मी माणसं त्यांना देव मानत, आणि उरलेली निम्मी त्यांना ‘चिंध्यांचा बाबा’ म्हणत. देव मानणाऱ्यांतही पाऊस लांबला की एक-दोघं पलीकडच्या निम्म्यांत जाऊन बसत, ते सोडा.

हिवरदरे डोंगराच्या खोबणीत वसलेलं. थंडी तिथं पाहुणी म्हणून येते आणि घरची होऊन बसते. त्यामुळं गोधडीला त्या गावात मोठा मान, आणि गोधडी शिवावी तर गोजराबाईनंच, असं सगळे म्हणत. गोजराबाई घाटाखालची. लग्न होऊन वर आली, पण नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. गावाच्या टोकाला एक खोपटं तेवढं तिचं होतं. सकाळी ओवरी झाडून यायची, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायचं, आणि मग दारात जुनेरं पसरून शिवायला बसायचं. कडेनं धावदोरा घालत गोल गोल आत यायचं आणि टाक्यागणिक महाराजांचं नाव घ्यायचं. दुसरी भक्ती तिला येत नव्हती.

पाटलांच्या घरी नातू झाला. फार वर्षांनी त्या घरात पाळणा हलला. द्वारकाबाई पाटलीण मोठ्या दिमाखाच्या बाई. त्यांनी तालुक्याच्या बाजारातून निळ्या-पांढऱ्या चौकडीचं नवंकोरं कापड आणवलं, खळ न उतरलेलं, कडक. बोलावणं आलं तशी गोजराबाई अंगण ओलांडून ओट्याखाली उभी राहिली.

“हे बघ, बारशाला पायजे,” पाटलीणबाई म्हणाल्या. “आत सुनंची धुतलेली लुगडी घाल. आन् वर-खाली ही चौकडी. माज्या नातवाच्या अंगाला चिंधी लागता कामा न्हाई.”

“व्हय जी. महाराजांच्या नावानं शिवते.”

“कुणाच्या? त्या चिंध्यांच्या बाबाच्या?” पाटलीणबाई खो खो हसल्या. “ज्याला सोताच्या अंगावर धड कापाड न्हाई, त्यो माज्या नातवाला ऊब देणार व्हय गं? तू आपली सरळ टाकं घाल. चौकडीच्या रेघा हायती, तेवढ्या धर म्हंजे झालं.”

ओट्यावरच्या बायकाही हसल्या. पाटलीणबाई हसल्या की हसायचं, असा त्या ओट्याचा रिवाजच होता. गोजराबाई मान खाली घालून कापड घेऊन आली. तिला वाईट वाटलं, पण स्वतःसाठी नाही.

गोधडी मात्र अशी उतरली की बघत राहावं. निळ्या रेघेला लागून टाका, पांढऱ्या घराला वळसा, पुन्हा रेघ. बारशाला ती पाळण्यात अंथरली, आणि पोर तिच्यावर हातपाय उडवत खेळलं.

आणि मग एका सकाळी पोरानं दूध घेणं सोडलं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. पण ऊन वर आलं तसं पोराचं अंग गार पडत चाललं. आधी पाय, मग हात. तोंडातून रडूसुद्धा येईना. सून कोंडाबाई त्याला छातीशी धरून नुसती घासत होती. वैद्यानं नाडी पाहिली, दोन चाटणं दिली आणि कुणाच्या डोळ्यांत न बघता निघून गेला. पाटलीणबाईंनी पाळण्यातली गोधडी ओढून काढली आणि झटकायला गेल्या, तर मधोमध बोटांना काहीतरी टणक लागलं. एक गाठ. त्यांनी विळीवर धरून गोधडी टराटरा फाडली. मधल्या चौकोनाच्या पोटातून फडक्याची एक एवढीशी पुरचुंडी निघाली, आणि तिच्यात हळद लावलेला, वाळून खडा झालेला चिमूटभर भात!

“करणी!” पाटलीणबाई किंचाळल्या. “रांडनं करणी केली माज्या नातवावर!”

हिवरदऱ्यात हळदीचा भात उताऱ्याला टाकतात, तिकाटण्यावर, तीन वाटा फुटतात तिथं. तो ओलांडायलासुद्धा माणसं भितात. तो पाळण्यात निघाला म्हटल्यावर कुणाला काय विचारायचं उरलं होतं? वाऱ्यासारखी बातमी गावभर झाली. आणि मग कुणीतरी म्हणालं, “आमचीबी गोधडी तिनंच शिवलीया की!” झालं! बायकांनी घरोघर विळ्या काढल्या. दारादारांत गोधड्या फाटू लागल्या, आणि ज्या गोधडीचं पोट फाडावं त्यातून पिवळी पुरचुंडी निघावी! कुणाला वारलेला सासरा आठवला, कुणाला गाभडलेली म्हैस. ज्या गोधड्यांखाली गाव वर्षानुवर्षं सुखानं घोरलं होतं, त्याच आता वैरिणी झाल्या. भय असं एकदा शिरलं की माणूस आपल्याच अंथरुणाला भितो.

गोजराबाई दारात शिवत बसली होती. माणसं येताना दिसली तेव्हा तिला वाटलं, कुठं आग लागली असेल. तिनं विचारायला तोंड उघडलं, तोच पहिला दगड खांद्यावर बसला. सुभाना घरगड्यानं तिचे हात पाठीमागं बांधले आणि तिला ओढत पाटलांच्या अंगणात आणून खांबाला बांधलं. समोर फाटलेली गोधडी पडली होती. गोजराबाईनं ती पाहिली आणि दगडाचं दुखणं विसरून ती म्हणाली, “घास काढला? तिचा घास का वो काढला?”

“आयका! तोंडानं सांगती!” पाटलीणबाई गरजल्या.

“करणी न्हाई, आईसायेब. आमच्याकडं खाली घाटात असंच करत्यात. गोधडीच्या पोटात घास घालायचा. गोधडी उपाशी ठिवू न्हाई. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याची ऊब खाती. माज्या आयनं शिकवलंया...”

“मग आजवर बोलली का न्हाईस कुणाला?”

गोजराबाईला कुणी विचारलंच नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. भाकरी थापताना पीठ लावतात, ते कुणी सांगत का बसतं? पण ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात अख्ख्या गावाला कबुली ऐकू आली.

“कोंडा, पोर कसं हाय?” पाटलीणबाईंनी आत ओरडून विचारलं.

“मांड्याबी गार झाल्या, आत्याबाई!”

“आयकलंस?” पाटलीणबाई तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. “दिस मावळायच्या आत माजं पोर न्हाई उठलं, तर ह्या समद्या चिंध्यांत गुंडाळून तुला हितंच जाळीन. सुभाना, काटक्या आन!”

आणि सुभानानं खरोखर काटक्या आणल्या. गोवऱ्या आणल्या. गोजराबाईच्या पायाशी रचू लागला. हात बांधलेले, पाठीला खांब, समोर ओळखीची सगळी तोंडं आणि एकाही तोंडावर ओळख नाही. पण खरं सांगायचं तर काटक्यांपेक्षा तिला आतून येणारी ती शांतता जास्त भिववत होती. पोर रडत नव्हतं. आणि तिच्या मनात शिरलं, माझ्याच हातून तर काही झालं नसेल ना? एखादा टाका नावाविना पडला असेल. हळद लावताना कुणाचं वाईट मनात आलं असेल. पाटलीणबाई हसल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं, तेच त्या भाताला लागलं असेल का? तिनं महाराजांना हाक मारायचं ठरवलं, आणि नाव तोंडाशी येईचना. रोज हजारदा घेतलेलं नाव, भीतीनं पुसून गेलं!

“वाट द्या रे,” मागून कुणीतरी म्हणालं.

महाराज ओवरी सोडून गावात कधी येत नसत. ते आले, गर्दीतून सरळ चालत खांबापाशी गेले आणि गाठ सोडू लागले. सुभाना पुढं झाला, पण हात उचलायचं त्याला सुचलं नाही. महाराजांनी फाटलेली गोधडी उचलून गोजराबाईच्या पुढ्यात टाकली.

“शिव,” महाराज म्हणाले.

“महाराज, हात कापत्यात माजं.”

“कापू देत. भ्यालीस ना? मग भीत भीत शिव. पण शिव.”

“दोरा न्हाई जी.”

महाराजांनी आपल्या कफनीच्या ठिगळातला एक दोरा उपसला. वीतभर असेल नसेल. सुई गोजराबाईच्या पदराला टोचलेली होतीच. बायका कुजबुजल्या, एवढ्या दोऱ्यात एक बाजूसुद्धा व्हायची नाही. पाटलीणबाई ओरडल्या, “ह्या बाबालाबी बांधा!” पण कुणी जागचं हललं नाही.

“नाव घे आणि टाका घाल,” महाराज म्हणाले.

गोजराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “नावच आठवत न्हाई, महाराज. समदं पुसलंया.”

महाराज तिच्यासमोर मांडी घालून बसले. “बरं. मग आज नाव आम्ही घेतो. तू नुसता टाका घाल.”

तिनं कडेला पहिला टाका घातला. महाराज म्हणाले, “गोजरा.”

दुसरा टाका. “गोजरा.” तिसरा. “गोजरा.”

अहाहा! ज्यांचं नाव जगानं घ्यावं, ते त्या अंगणात काटक्यांच्या ढिगाशेजारी बसून एका गोधडीवालीचं नाव जपत होते! सुई निळ्या रेघेवरून चालली, कोपऱ्याला वळली, पुन्हा चालली. वीतभर दोरा संपतच नव्हता. तिनं कितीही ओढला तरी शेपूट तेवढंच. गोजराबाईनं ते पाहिलं, आणि तिची भीती कमी होण्याऐवजी वाढली. हे काय चाललंय आपल्या हातून? पण थांबायचं धाडस होईना, आणि समोरून नाव येतच राहिलं.

चौकडीच्या कडेचा पहिला फेरा पुरा झाला, आणि आतून कोंडाबाईचा आवाज आला, “आत्याबाई, बोटं! पायाची बोटं ऊन लागत्यात!”

पाटलीणबाई दाराकडं धावल्या, पुन्हा अंगणात आल्या, पुन्हा आत गेल्या. दुसरा फेरा झाला तेव्हा पोराच्या पोटऱ्यांना ऊब आली होती. तिसऱ्याला हात. गोधडी कडेकडून आत मिटत येत होती, आणि तशीच ऊब त्या एवढ्याशा देहात कडेकडून आत चढत होती. उन्हं कलली. खांबांच्या सावल्या अंगणभर लांबल्या. गोजराबाई वर बघत नव्हती. मधला एक चौकोन उरला, आणि तिथं सुई अडली. ढकलली तरी जाईना.

“छाती गारच हाय,” कोंडाबाई पोराला घेऊन उंबऱ्यात आली. ती रडत होती. “समदं अंग ऊन, छाती तेवढी गार. आन् श्वास लई हळू चाललाय.”

महाराज उठले. “हिचं पोट रिकामं आहे, म्हणून सुई जात नाही. पाटलीणबाई, घरात भात आहे?”

पाटलीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“चिमूटभर आणा. हळद लावा. आणि तुमच्या हातानं आत ठेवा.”

“म्या?” त्या दोन पावलं मागं सरल्या. “माज्या हातानं? आन् खरंच करणी असली तर? माज्याच नातवाला मी...”

“ते आम्ही सांगून तुम्हाला पटायचं नाही. पोर तुमचं आहे, हातही तुमचा आहे.”

पाटलीणबाईंनी नातवाकडं पाहिलं. त्याचे ओठ निळसर दिसत होते. त्यांनी सुनेकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. मग त्या वळल्या, घरात गेल्या आणि मुठीत काहीतरी घेऊन आल्या. मूठ उघडताना त्यांचा हात गोजराबाईच्या हाताइतकाच कापत होता. शितं अंगणात सांडली, बोटं पिवळी झाली. काटक्यांशेजारी मातीत बसून त्यांनी तो घास गोधडीच्या पोटात ठेवला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

सुई सरळ आत गेली. गोजराबाईनं शेवटचा टाका घातला, आणि दोरा संपला.

मग उंबऱ्यावरून एक शिंक आली, आणि शिंकेपाठोपाठ रडं. भुकेलं, रागावलेलं, दणदणीत रडं! कोंडाबाई मटकन खाली बसली आणि तिनं पोराला पदराखाली घेतलं. माणसं हसत होती, रडत होती. काही बायका आपापल्या घरी पळाल्या. हिवरदऱ्याच्या थंडीत फाटक्या गोधड्या कशा पांघरायच्या, हे त्यांना आत्ता सुचलं होतं!

पाटलीणबाई धावत जाऊन महाराजांच्या पायांशी पडल्या. “चुकले, महाराज. तुमास्नी हसले. पदरात घ्या.”

महाराजांनी पाय मागं घेतले. “आम्हाला हसलात, त्याचं काय एवढं? आम्ही आहोतच चिंध्यांचे. पण बांधलंत कुणाला? जाळणार कुणाला होतात?”

पाटलीणबाई गुडघ्यांवरच वळल्या. गोजराबाई अजून गोधडी मांडीवर घेऊन तशीच बसली होती. पाटलीणबाई तिच्याकडं सरकल्या आणि त्यांनी हात पुढं केला. तोच गोजराबाईनं अंग चोरलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिला वाटलं, मारायला आल्या.

ते बघून पाटलीणबाईंना हुंदका आवरेना. काडी लावायला आपणच निघालो होतो, हे त्यांना त्या वर धरलेल्या हातांत दिसलं. सगळ्या गावादेखत पाटलांच्या घरची ती मानी बाई मातीत वाकली, आणि गोजराबाईच्या पायांवर डोकं टेकून म्हणाली, “न्हाई गं, बाई. मारत न्हाई. हात खाली घे.”

गोजराबाईनं हात खाली घ्यायला फार वेळ लावला. आणि भाविकहो, ती हात खाली घेईपर्यंत पाटलीणबाईंनी डोकं उचललं नाही.