सात उंबऱ्यांची भाकर

ऐका प्रभुराया, तुझ्या मेजाची कहाणी.

आटपाट वाडी होती. नगर नव्हतं, राजा नव्हता, वेशीला कमान नव्हती. माळावर सात उंबरे होते, मधोमध एक लिंब होता, लिंबाला रुळाचा तुकडा टांगला होता. तो वाजला की समजायचं, उपासनेची वेळ झाली. सहा घरं लिंबाभोवती होती. सातवं ओढ्यापल्याड होतं, एकटं.

त्या वाडीचा एक वसा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक यायचा, प्रभुभोजन व्हायचं. शहरात पाव मोडतात. वाडीला पाव कुठला? वाडीची आपली ज्वारीची भाकर. ती भाकर कशी करावी? आदल्या शनिवारी दिवस कलला की परात घ्यावी. सात उंबऱ्यांवर जावं. दर घरची एक मूठ पीठ घ्यावं. मोठी मूठ बघू नये, लहान मूठ बघू नये. ज्या घरी पीठच नसेल, त्या घरच्या बाईनं रिकामी मूठ परातीवर आणून उघडावी. ती पण मूठच. परातवालीनं मान लववावी, "पोचली" म्हणावं, आणि जाताना उंबऱ्यावर लिंबाची डहाळी ठेवावी. तोंडानं काही बोलू नये. डहाळी दिसली की बाकी घरं समजायची. सोमवारी त्या उंबऱ्यावर दाणे असायचे. कुणी ठेवले? विचारू नये.

असा तो वसा होता. चाळीस वर्षं साराबाईनं चालवला. साराबाईला दोन लेक होते, दोन सुना होत्या. थोरली हन्ना, धाकटी शेवंता. हन्नाचा दादला वारला होता, लेक दूर दिल्या घरी होती. ओढ्यापल्याड ती एकटी राहायची. तिची जीभ म्हणजे हिरवी मिरची. शेवंताचा दादला थोमा. लग्नाला बारा वर्षं झाली, पोर नव्हतं.

साराबाईचा अंतकाळ आला. तिनं दोघी सुनांना जवळ बसवलं आणि परात धाकटीच्या मांडीवर ठेवली. का ठेवली? ते तिलाच ठाऊक. सांगायच्या आधी प्रभूकडं गेली.

मातीहून माणसं परत आली. मग सगळ्यांदेखत हन्ना म्हणाली, "परात हिला दिली होय? जिची कूस भरली नाही, ती परात काय भरणार?"

शेवंता बोलली नाही, ते बरं केलं. विसरली नाही, ते वाईट केलं.

मग महिना फिरला. पहिला शनिवार आला. शेवंतानं परात घेतली. सहा घरी गेली, सहा मुठी घेतल्या. सातवं घर ओढ्यापल्याड. ओढ्यापर्यंत गेली. पलीकडं हन्नाचं दार उघडं होतं. शेवंताच्या छातीत ते वाक्य उठून बसलं. तिनं पदर कानांवरून घेतला आणि मागं फिरली. घरी आली. आपल्याच डब्यात हात घातला आणि आणखी एक मूठ परातीत टाकली. मनाशी म्हणाली, "मुठी तर सात झाल्या ना?"

मग पीठ मळलं. भाकर थापली. तव्यावर टाकली. काठाला चीर गेली. शेवंतानं पाण्याचं बोट लावून चीर मिटवली. रविवारी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसरा महिना आला. सहा घरी गेली, ओढ्यावरून फिरली, आपली मूठ टाकली. या खेपेला उकळतं पाणी घेतलं, पीठ चांगलं मळून मळून घेतलं. भाकर थापली, तव्यावर टाकली. मधोमध फाटली, दोन तुकडे झाले.

थोमा चुलीशी बसला होता. म्हणाला, "अगं, रडतेस कशाला? उद्या पाळक ती मोडणारच आहे की. त्याचं काम हलकं झालं."

"तुम्ही गप बसा. ती मोडायची प्रभूच्या नावानं, माझ्या तव्यावर नाही."

तिसरा महिना आला. या खेपेला शेवंतानं तवा बदलला. शुक्रवारी उपास धरला, पाणीसुद्धा घेतलं नाही. गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, काय चुकलं ते सांग. आणखी उपास सांग, करते. अनवाणी चाल म्हण, चालते. एवढं ओढ्यापल्याडचं सांगू नको."

प्रभू गप्प राहिला. एकदा सांगून ठेवलेलं तो पुन्हा काय सांगायचा? ताट माझ्यापुढं आणशील आणि बहिणीशी वाकडं असेल, तर ताट तिथंच ठेव आणि आधी तिच्याकडं जा, हे पोराटोरांना पाठ होतं. शेवंतालाही पाठ होतं. ती रोज म्हणायची, करायची नाही.

मग शनिवारी सहा घरं झाली, ओढा झाला, आपली मूठ झाली. भाकर थापली. तव्यावर टाकायला उचलली, तर हातातच भुगा झाला. रविवारी पाळकानं भुगा पळसाच्या पानावर घेतला आणि चिमूट चिमूट वाटला. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. शेवंता सगळ्यात मागं, भिंतीकडं तोंड करून बसली.

आता इथं कुणी म्हणेल, देव कोपला. देव कोपला नव्हता. दोन दाण्यांसाठी कोपायला तो काय कोंबडा आहे? पुढं ऐका म्हणजे कळेल.

चौथा महिना आला, पुन्हा परातीचा शनिवार आला. सहा घरं करून शेवंता ओढ्याकडं गेली, तिथून फिरली, लिंबाखालून घरी निघाली. लिंबाखाली नथनेल आजा बसायचा. रूळ वाजवायचं काम त्याचं. दोन्ही डोळ्यांनी आंधळा, बोलायला खडबडीत. त्यानं काठी आडवी घातली.

"कोण, शेवंता का?"

"होय आजा. काठी काढा, पीठ सांडेल."

"सांडू दे. आज चार महिने ऐकतोय. सहा दारी तुझ्या चपला थांबतात. ओढ्यापर्यंत जातात, पाणी लागत नाही, परत येतात. कोरड्या येतात."

शेवंता म्हणाली, "आजा, मुठी सात असतात. बघा परातीत."

"आंधळ्याला बघायला सांगतेस? मुठी सात असतील. घरं किती?"

शेवंतानं काठी धरली. मग हळूच म्हणाली, "आजा, त्या मला काय बोलल्या ते तुम्ही ऐकलंय."

"ऐकलंय. वाईट बोलली. तिला मी त्याच दिवशी सुनावलंही. पण परात हातात घेताना तू काय कबूल केलंस? गोड बोलणाऱ्या घरी जाईन, असं?"

"मी गेले आणि त्यांनी दारातून हाकललं तर?"

"तर हाकलू दे. तिथं काय होतं ते तुझ्याकडं नाही, प्रभूकडं आहे. तुझ्याकडं फक्त जायचं काम आहे. तेवढंही होत नसेल तर परात त्या फांदीला टांग आणि घरी जा. आणि माझी काठी सोड."

मग शेवंता माघारी वळली. दिवस कलला होता. ओढ्यापर्यंत गेली, पाण्यात पाऊल टाकलं, बाहेर काढलं. पुन्हा टाकलं, मधल्या दगडावर उभी राहिली, मागं बघितलं. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "प्रभू, पाय माझे, पुढचं तुझं," आणि पार झाली.

दार लोटलेलं होतं, तिनं ते उघडलं. आत हन्ना बोचकं बांधत होती. डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारत होती.

तिनं मान वर केली. "काय गं, वाट चुकलीस?"

"नाही बाई. उशीर झाला."

"चार महिने?"

"चार महिने."

हन्ना पुन्हा गाठ ओढू लागली. "मग आणखी एक दिवस थांबायचं होतंस. म्हणजे मी सापडलेच नसते. उद्या उपासना झाली की भावाकडं जाते. कायमची. घराला कुलूप."

शेवंताच्या हातातली परात जड झाली. वाडीला सात उंबरे होते, ते उद्या सहा होणार होते. ती म्हणाली, "बाई, मूठ द्या."

"पीठ नाही."

"चिमूटभर?"

"नाही म्हणते ना? तो बघ डबा, पालथा घातलाय. पहिल्या महिन्यात ओढ्याच्या पायऱ्यांवर घसरले, हात मनगटात मोडला, वाकडाच बसला. जातं ओढवत नाही, खुरपं धरवत नाही. रविवारी पदराखाली झाकून बसते. म्हटलं, शनिवारी परात येईल. रिकामी मूठ उघडीन, डहाळी पडेल, वाडी समजेल. मला तोंडानं मागता येत नाही, तुला ठाऊक आहे. दार उघडं ठेवून बसले. तुझा पदर ओढ्यावरून फिरताना बघितला. मग दुसऱ्या महिन्यात बसले. मग तिसऱ्या महिन्यात बसले. आज नाही बसले."

आता शेवंताला कळलं. वाडीतल्या बायका विचारायच्या, "हन्नाबाईंचं बरं आहे ना?" आणि त्याच उत्तर द्यायच्या, "परात फिरतेय, मुठी सात येतायत, बरंच असणार." सातवी मूठ शेवंताची होती. तिच्या त्या एका मुठीनं सगळ्या वाडीला खोटं सांगितलं होतं, की हन्नाच्या घरी पीठ आहे. भाकर फाटली ते काहीच नव्हतं. एक बाई चार महिने अर्धपोटी होती, शेळीच्या दुधावर आणि रानातल्या भाजीवर.

शेवंतानं परात खाली ठेवली, कपाळ जमिनीला टेकलं. "बाई, तुमची मूठ मी चोरली. तुमच्या वाटणीची मी माझ्याच डब्यातली घातली. दर महिन्याला."

हन्नानं गाठ सोडून दिली. मग म्हणाली, "तुझ्या डब्यातली? ती दोन वर्षांची जुनी ज्वारी?"

"होय."

"आणि तसल्या पिठाच्या दोन मुठी घातल्यास? मग फाटेल नाही तर काय होईल! सासूबाईंनी परात कुणाच्या हाती दिली बघा!"

शेवंताला रडता रडता हसू फुटलं. हन्नालाही फुटलं. मग हन्नाचं हसू मोडलं, ती भिंतीला टेकली.

"शेवंते, त्या दिवशी मी जे बोलले, ते मला झोपू देत नाही. सासूबाई गेल्या, परात गेली, मला वाटलं माझं काहीच उरलं नाही. मग हाताला लागलं ते फेकून मारलं. तुझ्या कुशीलाच लागलं."

"लागलं बाई. फार लागलं."

"मग मार मला."

"मूठ द्या," शेवंता म्हणाली.

हन्नानं पदराखालून उजवा हात काढला. सुजलेला, वाकडा. मूठ नीट मिटेना. शेवंतानं खालून आपला हात लावला, बोटं एकेक करून मिटवली. मग दोघींनी तो हात परातीवर नेला. हन्नानं मूठ उघडली. रिकामी होती. आत पिठाचा कणही नव्हता.

शेवंतानं मान लववली. म्हणाली, "पोचली."

मग ओढ्याकाठी दुसरा एक लिंब होता, त्याची डहाळी तोडून उंबऱ्यावर ठेवली. मग हन्नाचं बोचकं डोक्यावर, परात कमरेवर, आणि हन्नाचा डावा हात धरून शेवंता ओढा उतरली. मागं बघितलं नाही. लिंबाखाली आजा बसलाच होता. पावलं ऐकली, म्हणाला, "चार पायांचा आवाज येतोय. आणि ओले आहेत." काठी बाजूला घेतली.

त्या संध्याकाळी शेवंतानं आपली जास्तीची मूठ टाकली नाही. घरी पोचल्यावर पीठ मळायला बसली, हन्ना शेजारी बसून सांगत राहिली. "पाणी जास्त झालं. आता कमी झालं. अगं, थापतेस की चापट मारतेस?" थोमा म्हणाला, "वहिनी, तुम्ही नव्हतात तेव्हा या घरात किती शांतता होती," आणि गुपचूप उठून तिच्यासाठी ताटात वाढलं.

भाकर तव्यावर टाकली. काठ टिकला. मध्य टिकला. उलटली, निखाऱ्याला लावली, टम्म फुगली.

रविवारी रूळ वाजला. पाळकानं भाकर हातात घेतली, आभार मानले, मोडली. आजाला त्या मोडण्याचा आवाज ऐकू आला, तो पुढच्या ओळीतून म्हणाला, "आमेन," जरा लवकरच म्हणाला. हन्नानं डाव्या हातानं तुकडा घेतला. शेवंतानं तिच्यानंतर घेतला.

सोमवारी ओढ्यापल्याडच्या उंबऱ्यावर ज्वारीची पाच सुपं होती. सहावं घर शेवंताचं. तिनं सूप ठेवलं नाही. ती स्वतः जाऊन जात्याशी बसली. त्या महिन्यापासून रोज दळायला जाते. सातव्या दाराला कुलूप लागलं नाही.

शेवंताला पोर झालं का? नाही झालं. खोटं सांगू नये. हन्नाची जीभ गोड झाली का? तीही नाही झाली. हन्नाचा हात सरळ झाला का? वाकडा तो वाकडाच. पण शेवंताला जाऊ मिळाली, हन्नाला दारात पावलं मिळाली, आणि वाडीला तिचा सातवा उंबरा.

हा वसा कुणी घ्यावा? जिच्या मनात कुणाचं दार चुकवायचं आहे, तिनं घ्यावा. कधी घ्यावा? दिवस बुडायच्या आत. कसा करावा? जे सांगितलं आहे ते करावं, जे सांगितलेलं नाही ते प्रभूवर सोडावं. त्याच्या बदल्यात उपास देऊ नये, तो घेत नाही.

प्रभुराया, जसा शेवंताला ओढा उतरवलास, तसा ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या सगळ्यांना उतरव. भरल्या मुठीचा तू, रिकाम्या मुठीचाही तूच. सात घरांची ही कहाणी, एका भाकरीत मावली, एका मेजावर मोडली, सगळ्यांना पुरली, सुफळ झाली. आमेन.