हातभर उजेड

फार दिवस झाले, घाटाच्या पायथ्याशी इस्माईल मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथल्या फळीवर एक बोटभर एलईडी टॉर्च राहायची. तिचा उजेड जेमतेम हातभर पडे. शेजारच्या लांबलचक टॉर्चचा उजेड समोरच्या डोंगरापर्यंत पोचे, म्हणून मिस्त्री नेहमी तिलाच उचलत.

"मला कधी गं नेतील?" धाकटी विचारी.

"एवढ्याशा उजेडाला कोण विचारतंय!" थोरली म्हणे. धाकटी मिस्त्रींच्या हाताकडे आशेनं बघत राही.

एकदा डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. "मिस्त्री, ब्रेक नीट लागत नाहीत. वरच्या वाडीत बाई बाळंतपणात अडलीय हो."

मिस्त्री थोरलीला घेऊन जीपखाली शिरले. पण तिच्या झगझगाटानं लोखंड चमकलं आणि त्यांचेच डोळे दिपले. दोन्ही हात पान्याला लागले, तशी ती घरंगळत दूर गेली.

"बाई, ती फळीवरची बारकी टॉर्च द्या!"

धाकटीच्या बुडाला चुंबक होतं. ती गाडीच्या पोटाला घट्ट चिकटली. तिच्या शांत उजेडात ब्रेकच्या नळीच्या सांध्यावर तेलाचा थेंब दिसला. मिस्त्रींनी सांधा आवळला, तेल भरलं, नळीत अडकलेली हवा काढली. जीप घाट चढून गेली.

मिस्त्रींनी धाकटीला सदऱ्याच्या खिशात टाकलं, ते कायमचंच. तिला मात्र निराळीच ओढ लागली. घाट उतरून आलेल्या प्रत्येक गाडीला चिकटताना ती हळूच विचारी, "वरच्या वाडीतलं बाळ पाहिलंस का गं? कसं आहे?"