पाणी उतरवलेली तलवार

पूर्वी पूर्वसागराच्या तीरावरील एका नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लोहाराच्या कुळात जन्मले होते. घण ते मारीत आणि भाता त्यांची पत्नी उत्पला ओढी.

राजाने कमरेला लावायची एक आखूड तलवार घडवायला सांगितली. बोधिसत्त्वांनी लोखंड तापवून ठोकले, दुमडले, पुन्हा ठोकले. पात्याच्या पाठीला मातीचा जाड लेप दिला, धारेला पातळ, आणि लाल झालेले पाते पाण्यात बुडवले. त्याने धार कठीण झाली, पाठ चिवट राहिली. पुढे दगडावर घासता घासता धारेलगत धुक्यासारखी पांढरी रेघ उमटली. उत्पला बघतच राहिली. असे पाते जन्मात एखादेच होते, हे तिला कळत होते.

पण त्या नगरात एक रीत होती. नवी तलवार राजाच्या हाती देण्याआधी कैदखान्यातल्या एखाद्या माणसावर चालवून पाहायची. या खेपेला पाळी आली कालकाची. भुकेपोटी त्याने राजाच्या कोठारातले तांदूळ चोरले होते.

राजवाड्यातून बोलावणे आले त्या सकाळी बोधिसत्त्व म्हणाले, "उत्पले, भाता ओढ."

तिने भात्याला हात लावला नाही. घडलेले पाते पुन्हा विस्तवात गेले की त्याचे पाणी उतरते, धार मऊ पडते. लोहाराच्या लेकीला हे कोणी सांगायला नको.

"अहो, हात तोडील राजा तुमचा!"

"तोडील. पण जिवंत माणसाच्या अंगावर पारखायला मी हे घडवलं नाही."

तिने डोळे पुसले आणि भाता ओढला. खरे सांगायचे तर तिचे रडणे त्या चोरासाठी नव्हते. नवऱ्याच्या हातासाठी होते आणि थोडे त्या पांढऱ्या रेघेसाठीही. पाते राखेत हळूहळू निवले. रेघ नाहीशी झाली.

राजसभेत साखळदंडातल्या कालकालाही आणले होते. उत्पलेसह आलेल्या बोधिसत्त्वांनी आपणच सांगितले, "महाराज, हिची धार मी घालवली आहे."

राजा संतापला. "या चोरट्यासाठी? अरे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

"महाराज, बिघडलेलं लोखंड पुन्हा भट्टीत घालता येतं. कापलेला माणूस कोणत्या भट्टीत घालू?"

"मग ज्या हाताने धार घालवलीस तो पुढे कर. दुसरी तलवार आणा रे!"

बोधिसत्त्वांनी उजवा हात पुढे केला. उत्पलेने डोळे मिटले. तोच साखळ्या खळखळल्या. कालक मध्ये येऊन पडला होता.

"महाराज, तो हात राहू द्या. तलवार माझ्यावरच चालवा."

राजा त्याच्याकडे पाहत राहिला. तांदूळ चोरणारा हा माणूस दुसऱ्याच्या हातासाठी आपला जीव देत होता. राजाची मान खाली गेली. त्याने कालकाला सोडले आणि ती रीत कायमची बंद केली.

पुढे तेच लोखंड पुन्हा घडले आणि गवताच्या पेंढीवर पारखले गेले. भाता ओढायला उत्पलेच्या जोडीला कालक होता. रेघ पहिल्यासारखी उमटली नाही. उत्पलेला त्याचे काही वाटले नाही.

जमलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्खूंनो, तो लोहार मीच होतो. उत्पला आज भिक्खुणीसंघात आहे. राजा म्हणजे पुढे बसलेले हे वृद्ध स्थविर. आणि कालक म्हणजे, पूर्वी चोर होता म्हणून काल तुम्ही ज्याला पंगतीतून उठवलंत, तो भिक्खू."

वृद्ध स्थविर आपल्या आसनावर सरकले आणि दाराशी उभ्या असलेल्या त्या भिक्खूला त्यांनी शेजारी बसवून घेतले.

शास्ते म्हणाले, "यालाच करुणा म्हणतात."