वाऱ्यावरची भाजीकोठी

एका गावात, जिथे उन्हाळा पाहुणा म्हणून यायचा आणि घरजावयासारखा मुक्काम ठोकायचा, सगुणा नावाची माळीण राहत होती. तिची मेथी बघत राहावी अशी. पण बाजार आठवड्यातून एकदाच भरे, आणि मेथी काही वार बघून वाढत नसे. मग व्यापारी बांधावर येई, "उद्या सुकल्यावर कोण विचारणार?" म्हणे आणि मातीमोल भावात गाडी भरून नेई.

यंदा जत्रेच्या बाजारात आपली मेथी आपणच विकायची, असं सगुणाने मनावर घेतलं. माहेरी भाजी ठेवायला कोठी होती, ती तिला आठवली. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर ओलं गोणपाट. आतली भाजी कितीतरी दिवस टवटवीत राही.

"पण गावाने हे पाहिलं, तर सगळ्यांचीच भाजी ताजी राहील. मग माझी कोण घेणार?" म्हणून तिने कोठी बांधली ती आतल्या खोलीत. खिडकीलाही फळी ठोकली.

दोन दिवसांत घरभर वास सुटला. शेजारची भागूमावशी नाकाला पदर लावून आत आली.

"सगुणे, काय कुजवलंस गं?"

सगुणाला रडूच फुटलं. काळी पडलेली मेथी तिने दाखवली.

मावशीने कोठीभोवती एक फेरी मारली. "अगं, माठसुद्धा आपण वाऱ्याला ठेवतो. कोंडलेल्या जागी वाळू नुसती ओली राहील, गार कशी होईल?"

वारा होता अंगणातल्या निंबाखाली. पण तिथून अख्ख्या गावाची पाणंद जाई. शेतात अजून निम्मी मेथी उभी होती. शेवटी तिनेच पहिली वीट उपसली.

निंबाखाली कोठी उभी राहिली आणि जो तो विचारू लागला. सगुणाही सांगू लागली, आधी तोंडातल्या तोंडात, मग चांगली हातवारे करून. पाणवठ्यावरून येणाऱ्या बायका जाता जाता वाळूवर तांब्याभर पाणी ओतू लागल्या. बघता बघता दारोदारी कोठ्या झाल्या.

जत्रेला त्या गावची ओळच्या ओळ हिरवीगार बसली. ताज्या भाजीची बातमी पसरली, तशी लांबलांबची गिऱ्हाइकं तिकडेच वळली. सगुणाची मेथी दुपारीच संपली, भागूमावशीचीही संपली. मग दोघी मोठ्या पाळण्यात बसल्या आणि पाळणा वर जाताच पोट दुखेपर्यंत हसल्या.

तात्पर्य: चांगली युक्ती दाराआड कोंडली तर आपल्याही कामी येत नाही, चारचौघांत मांडली तर आपल्यासकट सगळ्यांचं भलं करते.