खारूताईचं घरपोच दुकान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्हाला वाटतं, घरबसल्या खरेदी करणं ही तुमचीच हुशारी? अहो, त्या काळी जंगलातसुद्धा घरपोच माल मिळायचा!

दुकान होतं खारूताईचं, एका जुन्या उंबराच्या ढोलीत. तिथवर कुणी जायचं नाही. ज्याला जे हवं, त्याने जवळच्या बुलबुलाला सांगायचं. बुलबुल उडत जाऊन निरोप द्यायचा, आणि खारूताई माल पळसाच्या पानात बांधून थेट दारात हजर व्हायची. माल एकदम चोख. एखादं फळ किडकं निघालं, तर तोंड वाकडं न करता बदलून द्यायची.

स्वभावाने फार गोड होती बिचारी. पण तिच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही. शिवाय तिचा आपला एक समज होता, की एकाने काय घेतलं ते दुसऱ्याला सांगितलं, की दुसराही तेच घेतो.

“अस्वलकाका, करंजाचं तेल घेऊन बघा की! आपला मोर पिसं गळायला लागल्यापासून तेच लावतोय.”

अस्वलकाका हसले. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल हसलं. मोर लाजेने कितीतरी दिवस झाडावरून खाली उतरला नाही.

“खारूताई, मी काय लावतो ते जगाला सांगायची काय गरज होती?” तो एकदा चिडून म्हणाला.

“अरे वेड्या, लाजतोस काय? सगळी आपलीच तर मंडळी!”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं हो. म्हणूनच तर तिला आपलं चुकतंय असं कधी वाटलं नाही.

मग एकदा सशीणबाईचा निरोप आला. तिला सावरीचा मऊ कापूस हवा होता. तिला पिल्लं झाली होती, पण हे तिने शेजारीपाजारीसुद्धा कळू दिलं नव्हतं. खारूताई कापूस घेऊन गेली आणि ती इवली इवली पिल्लं बघून अगदी हरखून गेली.

परत येताना वाटेत कोल्होबाकडे बोरं द्यायची होती.

“काय ताई, आज स्वारी खुशीत दिसतेय?” कोल्होबाने विचारलं.

“खुशीत नसेन तर काय! सशीणबाईच्या घरी पाळणा हललाय. त्या करवंदीच्या जाळीपलीकडे, उतारावरच्या गवतात. इतकी गोजिरवाणी पिल्लं आहेत म्हणून सांगू!”

“वा, वा! सुखी राहोत,” कोल्होबा म्हणाला.

खारूताई तुरुतुरु पुढे निघाली, आणि मध्येच थबकली. कोल्होबाने बोरांची पुडी सोडलीच नव्हती. एरवी पुडी हातात पडायच्या आधीच बोरांवर तुटून पडणारा तो, आज पुडीकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला आता दुसराच घास दिसत होता.

“अगं बाई! काय करून बसले मी हे!”

ती कोल्होबाशी काय बोलली ते कुणीच ऐकलं नव्हतं. गप्प राहिली असती, तर तिचं नाव कुणी घेतलं नसतं. आणि सांगितलं, तर उद्यापासून तिच्याकडून कोण काय घेणार? पण डोळ्यांसमोर ती पिल्लं आली, आणि खारूताई जीव खाऊन पळत सुटली.

“सशीणबाई, आधी पिल्लं हलवा! कोल्हा येतोय.”

“त्याला कसं कळलं?”

“मी सांगितलं,” खारूताई म्हणाली. तिला रडू आवरेना. “माझ्याच तोंडाने सांगितलं.”

सशीणबाईने तिच्याकडे असं बघितलं, की मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण बोलायला वेळ होता कुठे! सशीणबाईने एकेक पिल्लू तोंडात धरून दूर नेलं. कोल्होबा आला तेव्हा गवतात नुसता कापूस होता. चरफडत तो निघून गेला.

पिल्लं वाचली, पण ही गोष्ट जंगलभर झाली आणि दुकान बसलं. बुलबुल फांदीवर नुसते बसून राहायचे, निरोपच नसायचा. खारूताईने सगळ्यांना कळवलं, “यापुढे एकाचं दुसऱ्याला सांगणार नाही. माल चिंचेच्या झाडाखाली ठेवत जाईन, ज्याचा त्याने न्यावा. तुमची घरंही मला कळायला नकोत.”

“बोलायला काय जातं!” मोर म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

एके सकाळी उंबराखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघते तर सशीणबाई!

“पिल्लांना कोवळी कंदमुळं हवीत. घरी आणून दे.”

“घरी नको, चिंचेखाली ठेवते. तुम्ही कुठे राहता ते मला सांगूच नका!”

“ऐक तर खरं. अगं, तू गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं, आणि माझी पिल्लंही राहिली नसती. रागावले मी, अजूनही रागावलेय थोडी. पण चुकल्यावर जी स्वतःहून धावत येऊन सांगते, तिला माझं घर माहीत असलेलं बरं.”

आणि तिने खारूताईच्या कानाशी लागून आपलं नवं घर सांगितलं.

खारूताईच्या डोळ्यांना धार लागली. सशीणबाई परत माल घेते म्हटल्यावर हळूहळू अस्वलकाका आले, बाकीचे आले, सगळ्यात शेवटी कुरकुरत मोरही आला. सशीणबाईचं नवं घर कुठे आहे, हे मात्र जंगलात शेवटपर्यंत कुणालाही कळलं नाही.

तात्पर्य : गिऱ्हाईकाची गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी, आणि कधी ती बाहेर गेलीच, तर सगळ्यांत आधी त्यालाच जाऊन सांगावं.