तीन मण ज्वारीचं पत्रक

पत्रक भरलं तर दोन मण ज्वारी जाणार होती. नाही भरलं तर सगळी कोठीच जप्त होणार होती. मशालजी भिवा डोकं धरून बसला.

राजा उदयभानाच्या राज्यात प्रत्येक नोकराच्या नावानं दोन कोठ्या असत. एक म्हातारकोठी. तिच्यात दरमहा पगारातली थोडी ज्वारी पडे. ती म्हातारपणी काढायची आणि काढताना तिसरा हिस्सा कर द्यायचा. दुसरी औषधकोठी. तिच्यातून फक्त वैद्याची फी जाई, तिला कर नव्हता. शिवाय राजाचं फर्मान होतं, की आयुष्यात एकदा म्हातारकोठीतली ज्वारी औषधकोठीत हलवता येईल. हलवायची कोठारातल्या हमालांनी. मालकाच्या हाती दाणाही यायचा नाही, म्हणजे करही लागायचा नाही.

मशालीच्या धुरात तीस वर्षं काढून भिवाचे डोळे गेल्यात जमा होते. वैद्यानं इलाजाचे तीन मण सांगितले. भिवानं तेवढी ज्वारी हलवून घेतली. वर्ष संपलं आणि करअधिकारी रघोपंतांनी पत्रक पुढं ठेवलं. त्यात दोनच रकाने होते, 'गेले' आणि 'आले'.

"म्हातारकोठीतून तीन मण गेली," रघोपंत म्हणाले. "कर एक मण."

"पण ती औषधकोठीतच आहे की!" भिवा म्हणाला.

"म्हणजे तिथं आली. आली ती मिळकत. आणखी एक मण."

"फर्मानात तर कर नाही म्हटलंय!"

"फर्मानात नाही. पण पत्रकात तसा रकाना नाही."

"मग मी लिहीतच नाही!"

"तर लपवली. कोठी जप्त."

भिवाची बायको तानूबाई राजवाड्यात दळण दळायची. तिनं हात झटकले, नवऱ्याचा दंड धरला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, पत्रकात तिसरा रकाना आखून द्या."

राजा आपल्या हट्टासाठी प्रसिद्ध होता. "आमच्या आजोबांनी दोन आखले. दोनच राहतील! उद्या याच दोन रकान्यांत खरं ते लिहून दाखव. काही लपता कामा नये आणि कराचा दाणाही लागता कामा नये. नाही जमलं, तर कोठी जप्त!"

दुसऱ्या दिवशी राजा सिंहासनावर बसतो न बसतो तोच तानूबाई हजर.

"महाराज, मला लिहिता येत नाही. कारकुनाला सांगा. आधी हात बसावा म्हणून एक ओळ दुसऱ्या कशाची तरी लिहू."

"लिही रे," राजा म्हणाला.

"महाराज, सकाळी आपण कुठं होता?"

"शेजघरात."

"इथं कसं येणं झालं?"

"पालखीतून. आमचे पाय जमिनीला लागत नाहीत."

तानूबाई कारकुनाकडे वळली. "शेजघरातून काय कमी झालं? महाराज. तर मग 'गेले'च्या रकान्यात लिहा."

कारकुनानं लिहिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "महाराज गेले!"

मागच्या रांगेतल्या एका सरदारानं पागोटं काढलं. दुसऱ्यानं हुंदका दिला.

"अरे, मी इथं बसलोय!" राजा ओरडला.

"मग महाराज गेले नाहीत?" तानूबाईनं विचारलं.

"मुळीच नाही!"

"मग नवे महाराज आले?"

"नवे कुठले? तोच मी! मला त्या खोलीतून या खोलीत आणलंय!"

"रघोपंतांना हे मान्य नाही, महाराज. त्यांच्या हिशेबानं इकडून गेले तिथं कर आणि तिकडं आले तिथंही कर. दोन्हीकडचा तिसरा हिस्सा खजिन्यात भरावा लागेल. महाराजांचा एक तृतीयांश उरेल."

राजानं स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठला?"

"ते रघोपंत ठरवतील."

रघोपंत कागदात काहीतरी शोधू लागले.

"मग लिहायचं तरी कसं?" राजानं विचारलं.

तानूबाईनं कारकुनाच्या कागदावर बोट ठेवलं आणि ते डावीकडून उजवीकडे, मधली रेघ ओलांडून सरळ फिरवलं. "रकाने दोनच राहू देत. ओळ दोन्हींतून एकच लिहा. 'म्हातारकोठीतून औषधकोठीत, ज्वारी मण तीन. भिवाच्या हाती शून्य.' सगळं लिहिलं, काही लपलं नाही. आता शून्याचा तिसरा हिस्सा रघोपंतांनी खुशाल घ्यावा!"

राजा आधी गालात हसला, मग खदखदून हसला. मागच्या सरदारानं पागोटं गुपचूप डोक्यावर ठेवलं.

"पत्रक मंजूर!" राजानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून तानूबाईच्या हातात ठेवलं. "आणि हे तुला!"

रघोपंतांनी लेखणी उचलली. "महाराज, या कड्यावरचा कर?"

"तो तुम्ही भरायचा," राजा म्हणाला.